भिजत पडलेला वेत

४ मार्च

ही डायरी मामीने मला एक जानेवारीला दिली. म्हणाली, "लिहीत जा काहीतरी, डोक्यातली वाफ तरी जाईल." आज मार्चची चार तारीख. मधली सगळी पानं कोरी. फाडून टाकावीत असं वाटलं, मग म्हटलं राहू देत, त्यांचं नंतर बघू.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. दुपारी दुकानात ती आली.

दुकान मामाचं. सैल झालेले सांधे, मोडके पाय, फाटक्या बैठका, छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, आणि खाली मामा, ज्याच्या तोंडात एकच वाक्य: "उद्या संध्याकाळी या." ज्याची खुर्ची अजून छतावरून उतरलेली नाही त्यालाही हेच. लोक येतात उद्या, मग परवा, आणि कुणी फारसं चिडतही नाही. मी इथे आलो तेव्हा मामाने मला आधी हे वाक्य शिकवलं, रंधा धरायला मागाहून.

(कॉलेज मी सोडलंय. त्यांनी काढलेलं नाही. प्रकल्प जमा करायच्या दिवशी सरांनी भर वर्गात "तुझा कुठे आहे?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर मला सहन झाला नाही. तिथल्या तिथे बॅग उचलली आणि निघालो. माणसाला मान-अपमान काही आहे की नाही?)

तर ती. पुढच्या चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करते. पांढरा कोट अंगात तसाच, आणि दोन्ही हातांनी एक जुनी हातांची खुर्ची पोटाशी धरलेली. बैठकीचा वेत मधोमध फाटलेला. म्हणाली, आई आजारी आहे, पडूनच असते. गादीवर पाठ भाजते, प्लास्टिकच्या खुर्चीत कंबर धरते. या एकाच खुर्चीत तिला बसवतं. खिडकीपाशी ठेवली की रस्ता दिसतो.

मामाने आपली सुजलेली बोटं तिला दाखवली आणि त्यातलंच एक माझ्याकडे केलं. "वेताचं काम आता हा बघतो. उद्या संध्याकाळी या."

"नक्की उद्या?" तिने मला विचारलं. मामाला नाही, मला.

"नक्की," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बस्स. कामातून गेलो मी.

५ मार्च

वेत भिजत घातला.

वेताच्या सालीच्या लांब पट्ट्या असतात. कोरड्या वाकवल्या की तडकतात, म्हणून आधी थोडा वेळ पाण्यात ठेवायच्या. मऊ झाल्या की चौकटीच्या भोकांतून ओवायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, शेवटी तिरप्या. वाळताना पट्टी आखडते आणि बैठक अशी ताठ होते की टिचकी मारली तर वाजते.

सकाळीच घमेलं भरून पट्ट्या बुडवल्या आणि फार बरं वाटलं. काम सुरू झालं, आता होणारच. मग जुना वेत कापायला चाकू घेतला, तर तो बोथट. धार लावायला बसलो. लावता लावता ध्यानात आलं की दुकानातले सगळेच चाकू बोथट आहेत. सगळ्यांना लावली. मामा म्हणाला, "प्रोफेसर, खाटिकखाना उघडायचाय का?"

संध्याकाळी ती आली. "झाली?"

"हा काय, वेत भिजलाय." घमेलं दाखवलं. तिने वाकून बघितलं. केसांची एक बट पाण्याला टेकता टेकता राहिली.

"मग उद्या येऊ?"

"उद्या," मी म्हटलं. शब्द कसा गुळगुळीत निघाला तोंडातून. मामाचाच भाचा.

८ मार्च

रोज सकाळी वेत भिजत घालतो. संध्याकाळी काढून खिळ्यावर वाळत टाकतो. मधे दिवस कुठे जातो ते देवाला ठाऊक. आज जुना वेत कापून काढला. एकेका भोकातून जुने तुकडे टोकरून काढायचे असतात, ते निम्मे झाले. मग एका गिऱ्हाइकाशी वाद झाला. त्याने "तुम्ही लोक" असं म्हटलं. मी हातोडी आपटली. तो गेला. मामा हातोडीचा दांडा तपासत बसला.

ती आली तेव्हा माझं डोकं अजून तापलेलं होतं. तिने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्याकडेही येतात असे." आमच्यात हे एक साम्य आहे तर.

९ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

ती आली, मी म्हटलं, बसा, दाखवतो. ती स्टुलावर बसली. मी तिला पट्टीची सुलटी बाजू, उलटी बाजू समजावत होतो. वळून बघतो तर भिंतीला डोकं टेकून झोपलेली. तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवर, हात पर्सवर. मी श्वासही जपून घेत होतो. परक्या माणसासमोर कुणी असं झोपत नाही. ज्याच्यापाशी निर्धास्त वाटतं त्याच्यासमोरच झोप लागते.

मामा हळू आवाजात म्हणाला, "अरे, उठव तिला. घरी म्हातारी वाट बघत असेल."

मामाला यातलं काही कळत नाही.

१३ मार्च

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. खुर्ची झाली की ती घेऊन जाईल, आणि मग ती इथे कशाला येईल? औषधांच्या दुकानात मी रोज कोणतं दुखणं घेऊन जाणार?

पण तेवढंच नाही. आज दुपारी मामा झोपला होता, रस्ता शांत, पट्ट्या मऊ, चाकूला धार. एकही कारण उरलं नव्हतं. चौकट पुढ्यात घेतली, पहिली पट्टी हातात धरली, आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. वाटलं, चुकली तर? तिच्यासमोर चुकली तर? उठलो आणि दुकान झाडून काढलं. कोपऱ्याकोपऱ्यातून. इतकं स्वच्छ हे दुकान कधी झालं नसेल.

संध्याकाळी तिला म्हटलं, "घाईत केलेलं काम तुमच्या आईला चालेल का?"

ती म्हणाली, "आता तिला उठवायला मला एकटीला जमत नाही. शेजारच्या ताईंना हाक मारावी लागते."

मी म्हटलं, "म्हणूनच म्हणतो, चांगलंच व्हायला हवं."

आज तिने केस वेगळे बांधले होते. बरे दिसत होते. बोललो नाही. उद्या बोलीन.

१५ मार्च

तिने मला 'तू' म्हटलं!

आली, घमेल्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, आणि एकदम: "तू करणार आहेस की नाही?" इतके दिवस 'तुम्ही, तुम्ही' चाललं होतं. आज सरळ तू. चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. माणूस आपल्याच माणसावर असा चिडतो.

२० मार्च

वेत भिजत घातला. काढला. वाळत टाकला. पट्ट्या जरा काळपट पडल्यात. विणल्यावर पॉलिशमध्ये झाकलं जाईल.

मामी म्हणाली, "तू खूप थकलेला दिसतोस." खरंच थकलोय. काही न करून माणूस इतका थकतो हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

२३ मार्च

ती आज बसली नाही. दारातूनच म्हणाली, "उद्या सकाळी कामावर जाताना खुर्ची नेणार. झाली तर झाली. नाही तर भोकं तशीच नेईन, वर फळी ठोकीन."

"फळीवर बसवणार आईला?"

"तू कशावर बसवणार आहेस?"

फळी ठोकीन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकट ओढली आणि सुरू केलं. चहाला उठलो नाही, मामाने दोनदा हाक मारली ती ऐकली नाही. उभ्या, आडव्या, तिरप्या, एकाच बैठकीत. मधे दोन-तीन पट्ट्या तुटल्या, त्या जागी दुसऱ्या घातल्या. शटर ओढायच्या आत झाली. मला जमतं. मनात आणलं तर मला एका दमात जमतं. हे मला आधीपासून माहीत होतं.

मामाने अंगठ्याने बैठक दाबली. "आवाज बरोबर येत नाही रे," म्हणाला.

मी म्हटलं, "तुझे कान गेलेत."

२४ मार्च

खुर्ची मीच उचलून तिच्या घरी पोचवली. दुसरा मजला. एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग भिंतीला, खिडकी समोर, पण पलंगावरून खिडकीतून फक्त आकाश आणि एक तार दिसते. तिची आई उशीवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत होती. काडी झालेली बाई, पण आवाज एवढा मोठा आणि स्वच्छ की मी दचकलो. नंतर कळलं, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या.

"हेच का ते उद्यावाले?" त्यांनी मुलीला विचारलं.

"हेच, आई."

"ठमे, यांना पाणी दे. लांबून आलेत. मार्चच्या सुरुवातीला निघालेत."

तिला घरी ठमी म्हणतात! हे आता फक्त त्यांना आणि मला माहीत आहे.

तिने आणि शेजारच्या ताईंनी मिळून काकूंना खुर्चीत बसवलं. त्यांनी हातांवर हात ठेवले, खिडकीबाहेर बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ती माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदाच. आज जेवलो नाही, भूकच नव्हती.

२७ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी ती दुकानात आली. ओरडली नाही. काउंटरवर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई खाली गेली."

मला आधी कळलंच नाही.

सकाळी तिने आणि शेजारच्या ताईंनी काकूंना खुर्चीत बसवलं आणि दोघी कामाला गेल्या. एकेक पट्टी तुटत गेली. काकूंना ऐकू येत होतं, टक, टक. मग बैठक एकदम फाटली, त्या चौकटीत घडी होऊन अडकल्या. गुडघे वर, अंग खाली. हाका मारल्या, मजल्यावर कुणी नव्हतं. ही जेवणाच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा कळलं. मांडीची मागची बाजू सोलून निघाली आहे, पाठीवर चौकटीचा वळ.

मी म्हटलं, वेतच खराब आला असेल, त्या व्यापाऱ्याला आत्ता जाऊन धरतो, त्याची—

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "माझं डोकं दुखतंय."

आणि गेली. खुर्ची मागितली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पाठीमागे कोटाला एक डाग होता. औषधाचा असेल.

२८ मार्च

मामाने उरलेल्या पट्ट्यांतली एक उचलली आणि बोटाभोवती वळवली. कट्‌कन मोडली. दुसरी. तीही. मग भेंडोळ्यातली नवी, कधी न भिजवलेली पट्टी घेतली, भिजवली, वळवली. बोटाला अंगठीसारखी बसली.

"कितीदा भिजवल्यास या?"

"रोज."

"आणि वाळवल्यास?"

"रोज."

मामा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "भिजवायचं ते ओवायला बसताना. एवढंच, जेवढं हातून ओवून होईल. पुन्हा पुन्हा भिजवलं, वाळवलं की त्याच्यातला जीव जातो. बघायला तशीच पट्टी, आतून वाळकं गवत."

"तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, रोज नव्या घेतोस." मोडके तुकडे गोळा करत म्हणाला, "मी गिऱ्हाइकाला उद्या म्हणतो रे. वेताला नाही म्हणत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. म्हणजे रोज सकाळी घमेलं भरताना मला जे बरं वाटायचं, त्यातच ती खुर्ची मोडत होती.

१ एप्रिल

जायला हवं. काय तोंड घेऊन जाऊ? आधी काय बोलायचं ते ठरवतो, मग जातो.

२ एप्रिल

ठरलं नाही.

३ एप्रिल

आजही ठरलं नव्हतं. दुकानातून मामाला "मी येतो" म्हटलं आणि चालायला लागलो. जिन्यात थांबलो. वाटलं, संध्याकाळी आलेलं बरं, ती असेल. मग वाटलं, संध्याकाळी वाटेल सकाळी बरं. दार वाजवलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकू एकट्याच, कुशीवर.

"कोण? उद्यावाले?"

"हो, काकू."

"या. खड्डा बुजवायला आलात की अजून एक खणायला?"

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. पायाची उशी जरा वर सरकवा. नाही, एवढी नाही. हां."

खुर्ची न्यायला हात घातला तर म्हणाल्या, "ती घराबाहेर जायची नाही. गेली की येत नाही. इथे बसून काय ते करा."

"काकू, इथे? पाणी, पसारा..."

"मी काय उठून झाडायचं म्हणणार आहे?"

संध्याकाळी तिला औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. ती गोळ्या मोजत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "दुपारी ये. मी नसते तेव्हा."

मी नसते तेव्हा. एवढं ऐकलं की पुढचं काही ऐकवत नाही.

५ एप्रिल

दुपारी गेलो. भोकं साफ केली. एवढंच. पण सगळी केली.

७ एप्रिल

हातात मावतील इतक्याच पट्ट्या भिजवतो, पलंगाशेजारी बसून ओवतो, संपल्या की घरी. मामाने सांगितलंय, एका दिवशी जास्त करायला जाऊ नकोस, तुझा तो आवेश नको मला. छातीवर बसणारं ते काय आहे, ते अजून येतं. फक्त काकू बघत असतात, त्यामुळे झाडू हातात घेता येत नाही.

"कॉलेज का सोडलंत हो?"

सरांचं सांगितलं. तो सूर वगैरे.

"आणि प्रकल्प?"

"काय प्रकल्प?"

"सरांनी विचारलं ना, कुठे आहे. कुठे होता?"

मी पट्टी ओढली. जरा जास्तच ओढली, तुटली. काकू हसल्या नाहीत. "नवी घ्या," म्हणाल्या.

मग त्यांनी एक्स्चेंजच्या गोष्टी सांगितल्या. दिवसभर लोकांना म्हणायचं, थांबा, लाइन व्यस्त आहे, लाइनवर राहा. कुणी शिव्या द्यायचं, कुणी रडायचं. "माझा सगळा जन्म लोकांना थांबवून ठेवण्यात गेला. तेव्हा तुमच्यावर मी काय रागावणार?"

१० एप्रिल

आज गेलो नाही.

काल तिच्या दुकानापुढून जात होतो. औषधांची खोकी घेऊन येणारा टेम्पोवाला काउंटरवर कोपर टेकून उभा होता आणि ती हसत होती. चांगली खळखळून. माझ्याशी बोलताना तिचं डोकं दुखतं. मग मी कुणासाठी गुडघे मोडून घेतोय? विणू दे त्यालाच.

दुकानात बसून राहिलो. मामा म्हणाला, "आज काकू एकट्याच?"

११ एप्रिल

मामाच्या प्रश्नाने रात्रभर पाठ सोडली नाही. आज गेलो.

काकूंचे ओठ कोरडे पडलेले. पाण्याचा तांब्या खिडकीत होता, हात पुरत नव्हता. काल दुपारीही तो तिथेच होता. शेजारच्या ताई गावाला गेल्यात. "तू येणार म्हणून ठमीने इकडे जवळ ठेवला नाही," काकू म्हणाल्या. तक्रार नव्हती. आणि त्यांनीही मला 'तू' म्हटलं, पण मला त्याचं काही वाटायची सोय राहिली नव्हती.

पाणी पाजलं. मान धरून पाजावं लागतं.

मी समजत होतो, मी खुर्ची विणायला येतो. तिने मला दुपारी का बोलावलं ते आज कळलं. ती दुकानात गोळ्या मोजत असते तेव्हा घरात कुणीतरी असावं म्हणून. आणि मी टेम्पोवाल्याचा हिशेब करत बसलो.

संध्याकाळपर्यंत थांबलो. ती आली, मला बघून दचकली. "काल का नाही आलास?"

"आलो नाही," मी म्हटलं. कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

तिने चप्पल काढली, आईच्या पायांना तेल लावलं, औषध दिलं, कूस बदलली, सगळं अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी. काकूंना दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. म्हणजे ती झोपते कधी? स्टुलावर झोपली होती तेव्हा—

जाऊ दे. लिहीत नाही.

१४ एप्रिल

आडव्या संपल्या. तिरप्या सुरू. काकू आता कमी बोलतात. मी बोलतो. मामाची नक्कल केली तेव्हा हसल्या, मग खोकला आला, मग बराच वेळ मी पाठ चोळत बसलो. एकच पट्टी झाली आज. चालेल.

१६ एप्रिल

कडेची पट्टी बांधली. झाली. टिचकी मारली. वाजली.

"बसवतोस?" काकूंनी विचारलं.

"ओली आहे. रात्रभर वाळू दे. उद्या."

त्यांनी भुवई वर केली.

"मामाचं उद्या नाही, काकू. वेताचं आहे."

१७ एप्रिल

सकाळी मामा स्वतः माझ्याबरोबर काकूंचा जिना चढून आला, गुडघे धरत धरत. अंगठ्याने बैठक दाबली, कान खाली नेला. मग मला म्हणाला, "आधी तू बस." बसलो. "हल." हललो. "उडी मार." मारली. मामाने मान डोलावली आणि निघून गेला.

दुपारी गेलो तेव्हा काकूंचा चेहरा मातीसारखा होता. खुर्ची खिडकीपाशी ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज नको रे. अंगात त्राण नाही. उद्या बघू."

काकूंचा चेहरा दिसत होता. त्यात उद्या हा शब्द, आणि वाटलं, यांचा उद्या उगवलाच नाही तर? माझं डोकं फिरलं. "उद्या नाही," मी ओरडलोच, "आत्ता." आणि तसाच जिना उतरून पळत सुटलो.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. मी लोकांना ढकलून पुढे गेलो आणि म्हटलं, "घरी चल." तिच्या हातातली बाटली खाली ठेवायची राहिली. मालक म्हणाला, "सुटल्यावर जाईल ती." मी म्हटलं, "सुटल्यावर नाही." पण तोवर ती काउंटरखालून निघून माझ्या पुढे धावत होती. चौकातून, जिन्यावरून, तोंड पांढरंफटक. मला तिला गाठता येईना. पहिल्या मजल्यावर ओरडून सांगितलं, "अगं, काही झालं नाही! बसवायचंय त्यांना!"

ती थांबली. वळली. माझ्या दंडावर एक सणसणीत चापट दिली. "मेल्या, मला वाटलं..." आणि तिथेच पायरीवर बसली.

मी खालच्या पायरीवर उभा. दम लागलेला. इतके दिवस जे उद्यावर टाकलं होतं ते बाहेर आलं. "मला तू... म्हणजे मला तुझ्याबद्दल..."

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुझ्या मामालाही माहितेय. अख्ख्या चौकाला माहितेय." तिने गुडघ्यांवर कपाळ टेकवलं. "मला आत्ता झोप हवीय रे. दुसरं काहीच नकोय मला. काही म्हणजे काही."

"बरं," मी म्हटलं.

दोघांनी काकूंना उचललं. हाडांचं ओझं, पण आडवं-तिडवं. खुर्चीत टेकवताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला, चापटीच्याच जागी. वेत जरासा करकरला. काकूंनी श्वास रोखला. पुन्हा करकरला नाही.

मग त्यांनी मान वळवून खाली रस्त्याकडे बघितलं.

"समोरच्या न्हाव्याने रंग बदलला की दुकानाचा," त्या म्हणाल्या. "कसला घाणेरडा हिरवा."

ती हसली. पलंग रिकामा होता तेवढ्यात चादर बदलते म्हणाली. जुनी काढली, नवी घातली, एक कोपरा गादीखाली खोचला, दुसरा खोचायला पलंगावर बसली, आणि बसल्याबसल्या कलंडली. पाय खाली लोंबत, कोट अंगात, हातात चादरीचा कोपरा. मी तिच्या पायातली चप्पल काढली, पाय वर ठेवले. तिला कळलंही नाही.

मी काकूंच्या खुर्चीमागे उभा राहिलो. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला हवा भरत होता. एक बाई दोन मुलांना ओढत नेत होती, दोघं दोन दिशांना. काकू एकेक सांगत होत्या, हळू आवाजात, तो मोठा आवाज आवरून धरत. मग सांगणं थांबलं. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर होते, बोटांची पेरं पांढरी झालेली. कपाळावर घाम. उन्हाचा असेल, खिडकी पश्चिमेची आहे. मी पडदा ओढायला गेलो, त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"काकू, दुखतंय का? परत निजवू? उठवतो तिला."

पलंगावर ती घोरत होती. अगदी बारीक, मांजरासारखी.

काकूंनी मुलीकडे बघितलं. मग ओठ घट्ट दाबून पुन्हा रस्त्याकडे.

"थांब," त्या म्हणाल्या. "लाइनवर राहा."